जीपच्या पहिल्या फेरीला निघण्याआधी



यंदाच्या डांग सहलीत जंगलाकडेच्या कच्च्या वाटेवरची जीपफेरी ठेवली आहे हे कळल्यापासून आम्हा कार्यकर्त्यांचे फोन थांबलेले नाहीत. मुलगा सहा वर्षांचा आहे, चालेल का? सासूबाईंची पाठ दुखते, पण त्या ऐकत नाहीत, काय करू? साडी चालेल की ड्रेसच घालायचा? त्या थारमध्ये म्हणे उलट्या होतात, खरं का? एका वहिनींनी तर विचारलं, "जीपफेरीची तयारी कसली हो करायची? चढायचं आणि बसायचं." आम्हीही मागच्या वर्षीपर्यंत असंच समजत होतो. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहोत. घरातल्या ज्यांना यायचं आहे त्यांनी वाचावा, आणि ज्यांना वाचायला दिसत नाही त्यांना नातवंडांनी वाचून दाखवावा.

मागच्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो, कारण सगळ्यांना अर्धवटच माहीत आहे. हिवाळ्यात आपली सहा कुटुंबं गेली होती. आपल्यातल्या एक काकू, वय ६८, हसतमुख, चालायला आपल्यापेक्षा खणखणीत. त्या सगळ्यात मागच्या बाकड्यावर बसल्या, कारण तिथे मोकळं बसायला मिळतं आणि मुलं सोबत असतात. मागचं बाकडं आडवं होतं, त्याला पट्टा नव्हता. ओढ्याच्या अलीकडे एक दगडी उंचवटा होता. गाडीचा वेग फार नव्हता. पुढची चाकं गेली, मागची चाकं वर चढून धाडकन खाली आली, आणि काकू बाकड्यावरून वीतभर उडून परत आदळल्या. मुलं हसली. काकूही हसल्या. संध्याकाळी सुरतेला परतताना त्यांना बसवेना. दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला तेव्हा कळलं, कमरेच्या वरचा एक मणका दबला होता. तीन महिने पट्टा बांधून त्या घरात होत्या. दोष चालकाचा नव्हता, वाटेचाही नव्हता. त्यांना तिथे आम्ही बसवलं होतं. "काकू, तुम्ही मागे आरामात बसा," असं म्हणणारे आम्हीच.

त्यामुळे यंदा सर्वांत आधी बोलायचं ते जागेबद्दल.

कुठे बसायचं

जीप खडबडीत वाटेवरून जाते तेव्हा ती बागेतल्या सी-सॉसारखी पुढेमागे डुलते. सी-सॉच्या मध्यावर बसलेल्याला फारसं काही कळत नाही, टोकावरचा उडतो. गाडीतही तसंच. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात बसणाऱ्याला धक्का कमी लागतो. मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे बसणाऱ्याला पूर्ण लागतो. शिवाय मागचं बाकडं आडवं असेल तर धक्का बसताना अंग वाकलेलं आणि वळलेलं असतं, टेकायला पाठ नसते. साठीनंतर हाडं ठिसूळ होतात, बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतर हे अधिक वेगाने होतं, आणि बऱ्याचदा हाड मोडेपर्यंत काही कळतच नाही. काकूंना आधी पाठीचा त्रास कधीच नव्हता, हे लक्षात घ्या. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

तेव्हा ठरवलं आहे ते असं. पन्नाशीच्या वरच्या सर्वांनी पुढे चालकाशेजारी किंवा मधल्या रांगेत बसायचं. आडव्या बाकड्यांची गाडी आम्ही यंदा घेणारच नाही. प्रत्येक जागेला पट्टा आहे की नाही हे गाडी ठरवतानाच बघून घेतलं आहे. बसताना पाठ पूर्ण टेकवा, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवा, गुडघे किंचित सैल. समोर उंचवटा दिसला की पायांवर थोडा भार घ्या, म्हणजे सगळा दणका मणक्यावर येत नाही. घोड्यावर बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, आपल्याला सांगावं लागतं. आणि मोबाईलवर चित्रण करण्यासाठी पुढे वाकून बसू नका. वाकलेल्या पाठीवरचा दणका सगळ्यात वाईट.

धरायचं कुठे, हाही प्रश्न आला होता. गाडीच्या आतल्या बाजूला धरायला दांडी किंवा मूठ असते, तीच धरा. दाराची चौकट, खिडकीची कड, वरचा बाहेरचा लोखंडी पाइप यांना बोटं गुंडाळू नका. गाडी एका बाजूला कलली तर सहज प्रवृत्तीने माणूस हात बाहेर काढून जमिनीला टेकवायला बघतो. दोन टनांच्या आसपासची गाडी हातावर पेलत नाही. हात, कोपर, डोकं, सगळं आत.

पट्टा आणि नाना

आता पट्ट्याबद्दल. इथे आमचं आणि आपल्या ज्येष्ठांचं दरवर्षी वाजतं.

आपल्यातली निम्मी घरं खानदेशातली. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथे कापडाच्या कामाला आलेल्या पहिल्या पिढीने जीप पाहिली ती सहलीसाठी नव्हे. नंदुरबार, शहादा, तळोदा, धडगाव या भागात जीप हीच एसटी होती. आत पंधरा, टपावर सात, मागच्या पायदानावर चार, आणि चालक स्वतः अर्धा बाहेर. तोरणमाळचा घाट असो की दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा, लोक लटकूनच गेले. त्यामुळे पट्टा लावा म्हटलं की आमचे नाना हसतात. "आम्ही चाळीस वर्षं लटकून गेलो, आम्हाला काय झालं?"

नानांचा मान राखूनच आम्ही उलट विचारलं, की नाना, तुमच्या गावच्या जीपमधून पडलेलं कोणीच नाही का? नाना जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. एक चुलतभाऊ, बाजाराच्या दिवशी वळणावर हात सुटला. गावच्या एका शिक्षकाचा मुलगा. टपावरून पडलेला एक पाहुणा, जो पुढे कधी सरळ चालला नाही. पाच नावं झाल्यावर नानांनी स्वतःच विषय बदलला. जे वाचले ते गोष्ट सांगायला उरले, एवढंच.

पट्टा घट्ट हवा. ढिला पट्टा खडबडीत वाटेवर पोटावर सरकतो आणि हिसका बसला की तिथेच रुततो. कमरेचा भाग पोटावर नको, खाली कंबरेच्या हाडांवर बसायला हवा. साडीच्या निऱ्या आणि पदर पट्ट्याखाली जाड गोळा होऊन बसत असतील तर आधी सारखे करा. पुढे तोंड करून बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचं मूल सुरक्षित बांधलेलं नसेल तरी तेवढाच. जंगलात दंड करायला कोणी उभं नसेल, पण आम्ही उभे असू.

मांडीवर मूल घेण्याबद्दल थोडं गणित. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली आहे आणि दगडाला अडून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पंधरा किलोचं मूल त्या क्षणी सव्वाशे किलोच्या ओढीने पुढे जातं. कितीही घट्ट धरलं तरी आईच्या हातात तेवढी ताकद नसते. चार वर्षांखालच्या मुलांना म्हणून यंदा जीपफेरी नाही. त्यांच्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही दोघं-तिघं थांबणार आहोत, वाळूचं घर आणि पतंग दोन्ही आहेत, कोणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. चार ते बारा वर्षांच्या मुलांनी मधल्या रांगेत, पट्टा नीट बसत नसेल तर खाली उंच बैठक घेऊन बसायचं. ज्यांच्याकडे मुलांची खुर्ची आहे त्यांनी ती आणावी.

कोणी येऊ नये

गरोदर असलेल्या कोणत्याही सुनेने किंवा लेकीने येऊ नये, कितव्या महिन्यात आहे हा प्रश्नच नाही. मानेचा किंवा कमरेच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी, गेल्या काही महिन्यांत हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांनी, हर्निया, मोतीबिंदू किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं, आम्हाला नाही. आम्ही हो म्हणू, कारण माणसं जमलेली आम्हाला आवडतात. हाडं ठिसूळ असल्याचं ज्यांना सांगितलेलं आहे त्यांनीही हेच करावं. घरच्यांनी सांगितलं तर राग येतो, डॉक्टरांनी सांगितलं तर मानलं जातं, हा आमचा अनुभव.

गाडी काय करते आणि का ओरडते

ज्यांनी आजवर फक्त शहरातल्या मोटारीत प्रवास केला आहे त्यांना या गाडीच्या दोन-तीन गोष्टींची उगाच भीती वाटते. म्हणून थोडं समजून घ्या.

शहरातल्या बहुतेक मोटारींमध्ये इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. या गाड्यांमध्ये तो चारही चाकांना देता येतो, आणि गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटी दांडी किंवा बटण असतं, त्याने गाडी अगदी हळू पण फार जोरात ओढण्याच्या स्थितीत जाते. तेव्हा गाडी माणसाच्या चालीने चढते आणि इंजिन मात्र घाटात ट्रक ओरडावा तसं ओरडतं. ते ठीक आहे. उतारावरही चालक ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी गाडी याच गिअरमध्ये सोडतो, म्हणजे इंजिनच तिला अडवून धरतं. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि मुरमाड उतारावर चाकं अडकली की गाडी घसरत जाते. "दादा, ब्रेक मारा ना," असं मागून ओरडू नका. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकाने तीन वेळा ओरडून चालकाला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या भल्या माणसाने गाडी थांबवून नम्रपणे विचारलं, "साहेब, तुम्ही चालवता का?"

खोल चाकोरीतून तिरकं जाताना एखादं चाक हवेत उचललं जातं आणि गरगर फिरतं. तेही घाबरण्यासारखं नाही. गाडी तिरकी होताना तिच्या आत बसलेल्याला ती आहे त्यापेक्षा जास्तच तिरकी वाटते. पण त्या वेळी सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये, उठून उभं राहू नये. उंच गाडीचा तोल वरच्या वजनाने बिघडतो, म्हणून टपावर सामानही आम्ही बांधणार नाही. बाजूने कललेल्या गाडीत डोकं काचेवर किंवा खांबावर आपटतं. मान सैल सोडू नका, आणि खिडकीपासून चार बोटं अंतर ठेवून बसा.

मुलांना आवडेल अशी थोडी माहितीही इथेच. जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेच्या विलीज कंपनीची. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास तिचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. रस्त्यावर जिथे-तिथे दिसणारी थार २०१० मध्ये आली, तिचं नवं रूप २०२० मध्ये, आणि ती तयार होते आपल्या नाशकात. सापुताऱ्यापलीकडे घाट उतरलं की नाशिक जिल्हाच लागतो, म्हणजे गाडी माहेरच्या वाटेवरच चालते म्हणायची.

पाणी आणि वाळू

कंपनी सांगते की नवी थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. हा आकडा वाचून काही तरुण मंडळींच्या डोळ्यांत चमक आली, ती आम्ही पाहिली आहे. तो आकडा संथ पाण्याचा आहे, तळ पक्का असेल तर, आणि गाडी चालकाच्या हातात असेल तर. वाहत्या पाण्याचं तसं नाही. ज्यांनी सुरतेत २००६ च्या ऑगस्टमधला तापीचा पूर पाहिला आहे त्यांना वाहतं पाणी किती जोराचं असतं हे सांगायला नको. तेव्हा उभ्या मोटारी गल्लीतून होडीसारख्या निघाल्या होत्या. डांगात अंबिका, पूर्णा, खापरी, गिरा या नद्या पावसाळ्यात बघता बघता चढतात. डोंगरात वर पाऊस पडलेला असतो आणि खाली ऊन असतं. आपली सहल हिवाळ्यात आहे, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी असेल. तरीही चालक आधी स्वतः उतरून काठीने तळ बघेल, तोवर गाडीत बसून राहायचं. पाण्यात असताना पट्टा काढा असं तो म्हणाला तर लगेच काढा, नाही म्हणाला तर लावलेलाच राहू द्या.

वाळूबद्दल दोन शब्द आपल्या घरच्याच. जीपची हौस आली की पहिली आठवण डुमस आणि सुवालीची होते. तिथे जाऊच नका. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि मागे उरतो तो वरून वाळू दिसणारा आणि खाली चिखल असलेला किनारा. चाक एकदा आत गेलं की जितका जोर लावाल तितकी गाडी खाली बसते, आणि भरती वाट बघत नाही. डुमसच्या किनाऱ्यावर गाड्या नेण्यास बंदी आहे, आणि तरीही दर काही महिन्यांनी एखादी महागडी मोटार तिथे रुतल्याचं चित्र आपण पाहतोच. दोन-चार लाखांची गाडी असेल तर लोक हळहळतात, सत्तर लाखांची असेल तर हसतात. दोन्हीकडे ट्रॅक्टरच टोचन करतो.

छोट्या गाड्या

मुक्कामाच्या ठिकाणी आणि पर्यटनस्थळी दोन छोटे प्रकार भाड्याने मिळतात. एक म्हणजे जाड टायरांची चारचाकी मोटरसायकल, जिच्यावर घोड्यासारखं बसतात. तिला एटीव्ही किंवा क्वाड बाईक म्हणतात. दुसरा म्हणजे दोघांनी शेजारी बसायची, स्टिअरिंगची, लोखंडी पिंजऱ्याची, दारांऐवजी जाळी असलेली गाडी, म्हणजे यूटीव्ही. दिसायला खेळण्यासारख्या, पण उलटण्यात दोन्ही पटाईत.

एटीव्हीला चार चाकं असल्यामुळे ती मोटरसायकलपेक्षा सुरक्षित असावी असं वाटतं. वळणावर मोटरसायकल आपण झुकवतो, ही झुकत नाही. अंग आतल्या बाजूला नेलं नाही तर ती बाहेरच्या बाजूला पालथी होते आणि वर येऊन पडते. एकट्यासाठीच्या एटीव्हीवर मागे मुलाला बसवून फोटो काढायची आपल्याकडे फार हौस. मागे माणूस बसला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर ती उलटी फिरते. यंदा सोळा वर्षांखालच्या कोणालाही आम्ही एटीव्ही चालवू देणार नाही. मोठ्यांनी शिरस्त्राण घालायचं, बूट घालायचे, आणि पहिल्या दहा मिनिटांत सपाट मैदानावर फक्त थांबणं आणि वळणं शिकायचं. यूटीव्हीत पट्टा, जाळी बंद, हात आत. पिंजरा आपल्याला वाचवतो तो आपण पिंजऱ्यात असलो तरच.

कपडे, खाणं, उलट्या

साडी चालेल, पण सुती आणि अंगाबरोबर नेसलेली, पदर खोचून. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली नको, ती उघड्या गाडीत बाहेर उडते आणि अडकते. केस बांधा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, उंच टाचांचं काही नको. बांगड्या कमी, काचेच्या तर नकोच. कवळी असेल तर नीट बसलेली हवी, हसण्यावारी नेऊ नका, मागच्या वर्षी एक कवळी महालच्या वाटेवर शोधावी लागली होती. धूळ भरपूर असते, तोंडाला बांधायला रुमाल घ्या. दम्याच्या लोकांनी आपला पंप खिशात ठेवा, पिशवीत नको. थंडीत पहाटे डांगात सुरतेपेक्षा बराच गारवा असतो, तेव्हा स्वेटर.

उलट्यांचं खरं आहे. कान शरीराला सांगतो की आपण हलतो आहोत आणि डोळे मोबाईलवर असले की ते सांगतात की आपण स्थिर आहोत, या गोंधळातून मळमळतं. उपाय साधे आहेत. मोबाईल खाली ठेवा, समोर लांब बघा, वारा लागू द्या, ज्यांना नेहमी त्रास होतो त्यांनी पुढे बसा. निघण्यापूर्वी उपाशीही राहू नका आणि लोचो-फाफडाही हाणू नका. फेरीच्या दोन तास आधी पोहे, उपमा, एखादं केळं एवढं पुरे. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा तोंडात ठेवला तर बऱ्याच जणांना आराम पडतो. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. आणि मळमळायला लागलं तर लाजू नका, लगेच सांगा. गाडी थांबते. थांबवायला सांगितलं म्हणून कोणी छोटं होत नाही.

गाडी ठरवताना

हे आम्ही पाहिलं आहे, पण घरची वेगळी सहल काढणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी लागते. ओळखीचा मुलगा आपली पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन "डिझेलचे द्या" म्हणतो तेव्हा स्वस्त वाटतं, पण काही झालं तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. टायरांची नक्षी बघा, पाचवं चाक आहे का बघा, दोर, फावडं आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का विचारा. एकच गाडी असेल तर कच्च्या वाटेला जाऊच नका. एक अडकली तर दुसरी ओढते. चालकाने रात्री झोप घेतली आहे का, हे विचारायला कोणालाच सुचत नाही. आम्ही विचारतो.

पूर्णा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते आणि आखलेली वाट सोडून गाडी नेता येत नाही. मोठ्याने गाणी लावणं, पाकिटं टाकणं, गावातून जोरात गाडी हाकणं, यातलं काहीही आपल्या माणसांकडून होऊ नये. वाटेत भेटणारे डांगी लोक जी बोली बोलतात ती कान देऊन ऐका, तिच्यात आपले कितीतरी शब्द सापडतील. १९६० मध्ये राज्यं वेगळी होताना डांग कोणाकडे जावा यावर बराच वाद झाला होता, तो याचमुळे.

जंगलात मोबाईलला बऱ्याच ठिकाणी पट्टा मिळत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत एका कागदावर सर्वांची नावं, रक्तगट, घरचा नंबर आणि चालू औषधं लिहिलेली असतील. आहव्याला सरकारी रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. फेरीनंतर कोणाची पाठ किंवा मान दुखत असेल तर त्याच दिवशी सांगा. काकूंनी रात्रभर सांगितलं नाही, सहलीचा विचका नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी साल्हेरच्या पायथ्यापर्यंत जायचा बेत आहे. सुरतेला आल्यापासून पाहुणे आपल्याला एकच विचारतात, महाराजांनी लुटली ती हीच का? हीच. १६६४ आणि १६७०, दोनदा. दुसऱ्या वेळी परतताना वणी-दिंडोरीला लढाई झाली, पुढच्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. तिथवर डांबरी रस्ता आहे, त्यामुळे या दिवशी ज्येष्ठांनीही निश्चिंत यावं. गड चढणाऱ्यांची वेगळी तुकडी आहे, उंची १,५६७ मीटर, त्यांनी गुडघ्यांची खात्री करून नाव द्यावं.

निघायचं पहाटे साडेपाचला, बारडोली-व्यारा मार्गे आहवा. पाच वाजून वीस मिनिटांनी हजेरी, साडेपाचनंतर गाडी थांबणार नाही. मागच्या वर्षीही असंच लिहिलं होतं आणि सव्वासहाला निघालो, हे माहीत आहे. येताना वाटेत ताजा पोंक मिळाला तर थांबू.

काकूंनी नाव दिलं आहे. डॉक्टरांनी त्यांना जीपफेरीला साफ नाही म्हटलं, साल्हेरच्या डांबरी रस्त्याला हो म्हटलं. त्या दिवशीच्या पहिल्या गाडीतली चालकाशेजारची जागा त्यांची आहे, ती कोणी मागू नये.